बँडवाल्याच्या सुराचा सातबारा

जुन्या ध्वनिमुद्रणांचा व्यापार गेली काही वर्षे तेजीत आहे. 'सारेगामा' कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचे, जुन्या रेडिओच्या घाटाचे एक यंत्र बाजारात आणले. पाच हजार जुनी गाणी त्यात आधीच भरलेली होती. जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर विजेच्या उपकरणांच्या दुकानांत ते दर्शनी जागी दिसू लागले. पुण्यामुंबईस नोकरीला गेलेल्या मुलांनी ते सेवानिवृत्त वडिलांना भेट म्हणून आणले. ओसरीवर बसून एखाद्या निवृत्त मास्तरांनी 'गाईड' किंवा 'आराधना'तील गाणे ऐकावे आणि डोळे मिटून घ्यावेत, यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नाही. श्रमून थकलेल्या माणसाला संगीताचा विसावा मिळणे ही समाजवाद्यांच्या दृष्टीने चैन नव्हे.

परंतु त्या गाण्यात गायकाच्या दोन ओळींच्या मध्ये जो एक दाट, किंचित घोगरा, मनाला झोंबणारा सूर येतो, तो कोणाच्या छातीतून आला, हे त्या मास्तरांना ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर चित्रपटाचे नाव छापलेले असे. गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे असत. कंपनीचा शिक्का तर असेच असे. वाजविणाऱ्याचे नाव नसे. आज तीच ध्वनिमुद्रणे नव्या वेष्टनात पुन्हा विकली जातात, मोबाइलवर ऐकविली जातात, जाहिरातींना जोडली जातात. प्रत्येक पुनर्विक्रीबरोबर तो सूर पुन्हा विकला जातो आणि त्याचा धनी प्रत्येक वेळी कंपनीच असते.

'आराधना' (१९६९) आणि 'गाईड' (१९६५) या चित्रपटांच्या गाण्यांतील सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. १९३१ साली कलकत्त्यात एका नेपाळी मूळ असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वादनाचे शिक्षण कोण्या राजदरबारी झाले नाही. बाटानगरच्या जोड्यांच्या कारखान्याचा स्वतःचा बँड होता आणि त्या बँडात पोरवयात दाखल झालेल्या या मुलाच्या हाती वाद्य आले. पुढे कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवून, संगीतकार सलील चौधरी यांच्या सांगण्यावरून ते १९५८ साली मुंबईस आले. त्याच वर्षीच्या 'सितारों से आगे' या चित्रपटासाठी सचिन देव बर्मन यांच्याकडे त्यांनी वाजविले. त्यानंतर राहुल देव बर्मन यांचे साहाय्यक म्हणून बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर यांच्यासमवेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१० साली मुंबईत त्यांचे निधन झाले. वाद्यवृंदातील वादकाला जितकी प्रसिद्धी मिळू शकते तितकी त्यांना मिळाली. त्यांच्या स्वतःच्या नावानेही सॅक्सोफोनच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तरीही गाण्याच्या चकतीवर ते नाहीत. जो आघाडीचा वादक त्याची ही कथा, तर त्याच्या मागे दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन ओढणाऱ्यांची आणि क्लॅरिओनेट फुंकणाऱ्यांची काय असेल?

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ज्या रांगा बसत त्यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त्रीच्या छडीखाली स्वरलिपी शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईत आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील काही नावे जाणकारांना माहीत आहेत. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील ज्या नावाच्या गाण्यावर साऱ्या देशाने ताल धरला, ते नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे घातले होते, हे मात्र ताल धरणाऱ्यांच्या गावीही नव्हते. गुरूला अमरत्व मिळाले ते असे, विनोदी पात्राच्या तोंडून!

या वादकांना पैसे मिळत ते पाळीवर. सिने म्युझिशियन्स असोसिएशन या त्यांच्या संघटनेने प्रतवारीप्रमाणे पाळीचे दर ठरवून घेतले होते आणि ठरलेला पैसा वसूल करण्याइतकी ती संघटना खंबीर होती. कामगार चळवळीच्या दृष्टीने ही मोठीच कमाई. सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवीत असे. शंभरातील एकाचा सूर चुकला की शंभरांनी पुन्हा वाजवायचे. गिरणीतल्या साच्यापेक्षा अधिक काटेकोर अशी ही सामुदायिक मेहनत होती. पाळी संपली की पाकीट मिळे आणि त्या पाकिटाबरोबर वादकाचा त्या गाण्याशी असलेला संबंध संपे. गाणे मात्र संपत नसे. ते तबकडीवरून ध्वनिफितीवर, तेथून चकचकीत तबकडीवर, मग कारवाँत आणि अखेर मोबाइलमध्ये गेले. प्रत्येक मुक्कामी त्याने नवे पैसे मिळविले.

'एकदा मजुरी दिली, मग पुन्हा कसले देणे?' हा मालकवर्गाचा जुना प्रश्न आहे. तो केवळ मालकच विचारतात असे नव्हे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे अशी मागणी केली, तेव्हा महंमद रफी यांच्यासारख्या थोर आणि निर्मळ मनाच्या गायकाने, मोबदला घेतल्यावर आपला हक्क संपला अशीच भूमिका घेतली. आणि दोघांनी काही काळ एकत्र गाणे सोडले. रफींची भूमिका दिलदार माणसाची होती. पण दिलदारीवर हक्कांची उभारणी होत नाही. ज्याला दिलदार राहणे परवडत नाही अशा मागच्या रांगेतल्या माणसासाठी हक्क असतो. गायकांचा तो वाद निदान वर्तमानपत्रांत आला. वाद्य वाजविणाऱ्यांच्या स्वामित्वधनाचा प्रश्न त्या काळी वादाच्या योग्यतेचाही मानला गेला नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावयास हवी. जुन्या फिती जपणे, त्या स्वच्छ करणे, नव्या यंत्रांवर चढविणे याला खर्च येतो आणि तो कोणी केला नसता तर यांतील पुष्कळसे संगीत बुरशीने खाल्ले असते. जपणुकीचा मोबदला कंपनीला मिळावा. वाद आहे तो एवढाच की, जपणाऱ्याला कायमचा मोबदला आणि निर्मात्याला एका दिवसाची मजुरी, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

खानदेशच्या वाचकाला हा हिशेब नवा नाही. शेतजमिनीच्या प्रश्नावर या जिल्ह्यांतील शेतकरी आणि आदिवासी तो पिढ्यान् पिढ्या भोगीत आले आहेत. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कागदावर तरी मान्य झाले. परंतु ज्या कुळाचे नाव गावच्या दप्तरात लागलेले नव्हते त्याच्या हाती काहीच आले नाही. जमीन कसली होती, घाम गाळला होता, सारे गाव साक्षीला होते. पण तलाठ्याच्या उताऱ्यावर नाव नव्हते. योगायोग असा की भारताचा स्वामित्वहक्काचा कायदाही त्याच १९५७ सालचा. जमिनीच्या कायद्याने कसणाऱ्याला निदान विचारले. सुराच्या कायद्याने वाजविणाऱ्याला विचारलेच नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्माते आणि संगीतकार-गीतकार यांच्या वादात निकाल दिला तो निर्मात्यांच्या बाजूने. त्या वेळी न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच स्थान नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले होते. संसदेला ते ऐकू येण्यास सतरा वर्षे लागली.

१९९४ च्या दुरुस्तीने 'प्रयोगकर्त्याचा हक्क' प्रथमच कायद्यात आला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला त्यात कसरतपटू, हातचलाखीचे खेळ करणारा, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. बाजारच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पुंगी वाजविणाऱ्याची आठवण कायदा करणाऱ्यांना राहिली, ही गोष्ट कौतुकाचीच म्हटली पाहिजे. पुढे २०१२ साली आणखी मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि सभागृहाबाहेर त्यासाठी झुंज दिली. गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा त्यांना लिहून देऊनही गमावता येणार नाही, असे ठरले. प्रयोगकर्त्यालाही व्यापारी वापराचा वाटा मिळेल, असा शब्द दिला गेला. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांची संस्था अधिकृतपणे नोंदली गेली आणि पुढे तिच्या नावात वादकही आले. हे सारे स्वागतार्ह आहे.

पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत व्याख्येला एक शेपूट जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रूढ प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, त्याला प्रयोगकर्ता मानावयाचे नाही; आपल्या कामाचे विद्रूपीकरण होऊ न देण्यापुरताच काय तो त्याचा हक्क. या वाक्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नाव द्यावयाचे नाही ही प्रथा पाडली धंद्याने. त्या प्रथेचाच आधार घेऊन कायदा म्हणतो की, ज्याचे नाव नाही त्याला हक्क नाही. सावकाराने कुळाचे नाव लागू द्यावयाचे नाही आणि मामलेदाराने उताऱ्यावर नाव नाही म्हणून दावा फेटाळावयाचा, तसलाच हा प्रकार. सॅक्सोफोनचा सूर गाण्यात 'आनुषंगिक' आहे की नाही, हे ठरविणार कोण? ज्याच्या हाती पाकीट तोच. आणि १९६५ साली पाळीवर बसलेल्या वादकाला १९९४ मध्ये जन्मलेल्या हक्काचा आधार मिळणे तर दुरापास्तच.

अशी स्थिती एकट्या भारतात नाही. हजारो मैलांवरच्या जमैका बेटाकडे पाहिले तर साम्य थक्क करणारे आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेले गेले ते हे बेट. १९६२ साली ते इंग्रजी अमलातून सुटले आणि त्याच सुमारास तेथील किंग्स्टन शहरात 'स्का' नावाचे नवे संगीत उदयास आले. ठेक्याच्या मधल्या, आपल्याकडे रिकाम्या सोडल्या जाणाऱ्या जागांवर त्यात आघात येतो. त्यावर सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांचा मोकळा, उसळता सूर. स्वातंत्र्याच्या पहाटेचा उल्हास त्यात होता. काही वर्षांत हीच चाल संथ होत 'रेगे' झाली आणि तिच्यावर दरिद्री वस्त्यांतील रागाचे शब्द चढले. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

या संगीताचे शिल्पकार कोण? किंग्स्टनमध्ये जोगिणींनी चालविलेली अल्फा ही अनाथ आणि गरीब मुलांची शाळा होती. बाटानगरच्या कारखान्याने किंवा गोव्यातल्या मेस्त्रीने जे केले तेच या शाळेने केले. पोटाला आधार म्हणून मुलांच्या हाती फुंकवाद्य दिले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्कॅटलाइट्स' या पथकातील टॉमी मॅकुक आणि लेस्टर स्टर्लिंग हे सॅक्सोफोनवादक, डॉन ड्रमंड हा ट्रॉम्बोनवादक आणि जॉनी मूर हा ट्रंपेटवादक, हे चौघे याच शाळेचे. पथक जेमतेम वर्षभर टिकले, परंतु किंग्स्टनमधील कितीतरी गायकांच्या पाठीमागे हेच वादक होते. पैसे गाण्यागणिक रोख मिळत, पुढचा हक्क नसे. ध्वनिमुद्रणगृहाचा मालक हाच ध्वनिमुद्रिकेचा मालक. जमैकाला स्वतःचा स्वामित्वहक्काचा कायदा मिळाला तोच मुळी १९९३ साली!

दरम्यान ही ध्वनिमुद्रणे इंग्लंडमधील स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत पोहोचली होती. 'ट्रोजन' या लंडनच्या कंपनीने जमैकाचे संगीत मोठ्या प्रमाणावर विकले. त्या कंपनीचा संग्रह २००१ साली एका कंपनीने, २००७ साली दुसऱ्या आणि २०१३ साली तिसऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीने घेतला. शेत विकले जाते तेव्हा त्यावरचे झाड आणि विहीर जशी खरेदीखतात आपोआप जातात, तसे वादकांचे सूर या हातातून त्या हातात गेले. १९८३ मध्ये स्कॅटलाइट्सचे म्हातारे वादक पुन्हा एकत्र आले आणि गावोगावी वाजवू लागले, कारण फुंकणे थांबविणे त्यांना परवडणारे नव्हते. लेस्टर स्टर्लिंग यांच्या नावावर १९६९ सालची एक तबकडी आहे. रेगेच्या पहिल्या चाहुलींपैकी एक म्हणून तिच्या शीर्षक-गीताकडे जाणकार बोट दाखवितात. त्यांनी उतारवयापर्यंत वाद्य सोडले नाही; २०२३ साली त्यांचे निधन झाले. पुनर्प्रकाशित तबकड्यांची वेष्टने आता देखणी असतात, त्यांवर वादकांची नावे आणि छायाचित्रे असतात, अभ्यासपूर्ण टिपणे असतात. नाव मिळाले, उशिरा का होईना मिळाले. भारतीय वादकापेक्षा जमैकाचा वादक तेवढा पुढे गेला, हेही नोंदविले पाहिजे.

आता खानदेशकडे वळावे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात घुमलेला सॅक्सोफोनचा सूर धुळे-जळगावच्या खेड्यांत पोहोचला तो दोन वाटांनी: एक रेडिओची, दुसरी लग्नाच्या बँडाची. पहिली वाट ऐकणाऱ्याची होती, दुसरी करणाऱ्याची. अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, पाचोरा अशा तालुक्यांच्या गावी बँडपथके उभी राहिली. वाद्ये मेरठच्या जली कोठी भागातून येत. वाजविणारे बहुतांशी मातंग, मुसलमान आणि इतर कष्टकरी जातींतले. संगीत हा ज्यांच्या जातीवर लादलेला सेवाधर्म होता, त्यांनीच पितळी वाद्ये हाती घेऊन त्याचे रोख पैशाच्या धंद्यात रूपांतर केले. या बदलाचे सामाजिक महत्त्व कमी लेखू नये. सनई-हलगीसाठी बलुत्याचे धान्य मिळे. बँडाला सुपारी द्यावी लागते आणि सुपारी घेणारा मास्तर तारीख नाकारूही शकतो.

या मास्तरांपैकी अनेकांना स्वरलिपी येत नसे. रेडिओवर, पुढे ध्वनिफितीवर गाणे ऐकावयाचे, तोंडाने गुणगुणावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पथकाला बसवून द्यावयाचे. चित्रपटगीतात सॅक्सोफोनचा तुकडा आला की सारे पथक थांबे आणि एकटा सॅक्सोफोनवाला पुढे येऊन तो वाजवी. वरातीतले लोक त्या तुकड्याची वाट पाहत, नवरदेवाचे मित्र त्यावर नोटा ओवाळीत. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत तोच वादक वेगळ्या चालीचे, गावच्या मातीतले सूर काढी. साक्रीच्या पश्चिमेला कोकणा आदिवासींची पावरी, अहिराणीतली लग्नगीते आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात एका नेपाळी-बंगाली वादकाने फुंकलेला तुकडा या साऱ्यांचे मिश्रण एका फाटक्या गणवेशातील माणसाच्या छातीत होत होते. किंग्स्टनच्या संगीताची मिसळण जगाने डोक्यावर घेतली. खानदेशातील या मिसळणीची एक फीतही कोणी जपून ठेवलेली दिसत नाही.

कायद्याने या बँडवाल्याला एक सवलत मात्र दिली आहे आणि ती शहाणपणाची आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे धार्मिक विधींत वाजविलेल्या संगीतावर स्वामित्वधन द्यावे लागत नाही आणि लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभ यांचा समावेश त्यात स्पष्ट शब्दांत केलेला आहे. तरीही वसुलीसाठी लोक लग्नघरी जात, म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारला त्याची जाहीर आठवण करून द्यावी लागली. गरीब बँडवाल्याने कंपनीला पैसे द्यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या सवलतीचा लाभ आता सर्वाधिक घेतो तो बँडवाला नव्हे. ट्रकवर भिंतीएवढे कर्णे रचून, संगणकाची कळ दाबून वरात नाचविणारा डीजे त्याच कलमाच्या सावलीत उभा आहे. पंचवीस-तीस माणसांचे पथक परवडत नाही म्हणून गाडीवर एक कीबोर्ड, एक गाणारा आणि चार ढोलवाले एवढ्यावर काम भागू लागले, तेव्हाच सॅक्सोफोनवाल्याची पहिली छाटणी झाली. मुंबईत १९८० आणि ९० च्या दशकांत संगणकी वाद्यांनी वाद्यवृंदाच्या रांगा रिकाम्या केल्या, तेच येथे थोड्या उशिराने झाले. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यांत टाळेबंदी आणि पन्नास माणसांची मर्यादा आली. ज्यांची वर्षाची कमाई लग्नसराईच्या थोड्या तिथींवर अवलंबून, त्यांचे दोन हंगाम सरळ बुडाले. मास्तरांनी आधी वाटलेली उचल अंगावर आली. कित्येकांनी वाद्ये विकली. पितळ वजनावर विकले जाते, त्याला सूर किती लागत होता याची मोजदाद भंगारवाला करीत नाही.

'कापसाला भाव नाही, तरुणांना काम नाही, तापीचे पाणी शेताला नाही. अशा वेळी पक्षाच्या साप्ताहिकाने सॅक्सोफोनची चर्चा करावी काय?' असे एखादा कार्यकर्ता विचारील. प्रश्न रास्त आहे. पण बँडवाला हा असंघटित मजूरच आहे. त्याला हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रात्री दोन वाजता ट्रकच्या हौद्यातून परत येताना अपघात झाला तर भरपाई नाही. शेतमजुराला संघटित करणाऱ्यांनी त्याला वगळावे याचे एकच कारण संभवते: तो वाजवितो म्हणून तो मजूर वाटत नाही आणि तो मजुरी घेतो म्हणून कलावंत वाटत नाही. दोन्ही दारे त्याला बंद.

दुसरे दार कसे बंद आहे ते पाहण्यासारखे आहे. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे जोडावे लागतात. कात्रणे, प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका. चाळीस वर्षे वराती वाजविलेल्या माणसाने कोणते कात्रण जोडावे? लग्नपत्रिकेवर आजोबांपासून चुलत मामापर्यंत सर्वांची नावे असतात, बँडवाल्याचे नसते. मुंबईच्या वादकाचे नाव चकतीवर नाही म्हणून त्याला स्वामित्वधन नाही, धुळ्याच्या वादकाचे नाव पत्रिकेवर नाही म्हणून त्याला मानधन नाही. उताऱ्यावर नाव नसण्याचे हे दोन फेरे एकाच जातकुळीचे.

या बाबतीत डाव्या आणि समाजवादी चळवळीने आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखे कवी-शाहीर महाराष्ट्राला दिले. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट त्यातून घडले. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा पथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजविली. ही नावे चळवळीने जपली आणि ते योग्यच झाले. पण त्या शाहिरांच्या मागे उभे राहून डफ, तुणतुणे, ढोलकी, पेटी वाजविणाऱ्यांची नावे किती कार्यकर्त्यांना सांगता येतील? सभेच्या हिशेबाच्या वहीत 'वाजंत्री खर्च' अशी एक ओळ असते, एवढाच त्यांचा इतिहास. साने गुरुजींच्या अमळनेरात आणि १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या फैजपुरात मिरवणुकांपुढे वाजविणारेही कोणीतरी असतीलच. चकतीवर नाव न छापणाऱ्या कंपनीवर टीका करताना ही वही उघडून पाहणे आवश्यक आहे.

जपणुकीचे काम अशक्य आहे असे निदान धुळेकरांनी म्हणू नये. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळविली आणि १९२६ च्या अखेरीस त्यांचा धुळ्यात अंत झाल्यावर या शहराने त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले. वाळवी लागलेल्या कागदासाठी ज्या गावाने एवढे केले त्याला जिवंत माणसाचा श्वास जपणे कठीण का व्हावे? फरक आहे तो प्रतिष्ठेचा. कागद पेशव्यांचा वा संतांचा, श्वास बँडवाल्याचा. आज खिशातल्या मोबाइलवर चांगले ध्वनिमुद्रण होऊ शकते, त्याला मुंबईची पाळी लागत नाही. जळगाव केंद्राच्या आकाशवाणीकडे ध्वनिमुद्रणाची यंत्रणा आहे. तिच्याकडे अशा वादकांसाठी नियमित वेळ मागता येईल.

कायद्याच्या बाबतीत मागणी नेमकी असावी. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येला २०१२ साली जोडलेले ते शेपूट संगीतवादकांपुरते तरी काढून टाकावे. जुने ध्वनिमुद्रण नव्या रूपात विकावयाचे असल्यास वादकांची ज्ञात नावे देणे बंधनकारक करावे. आणि पुनर्विक्रीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा वादकांच्या कल्याणनिधीत जमा व्हावा, म्हणजे ज्यांची नावे आता शोधूनही सापडणार नाहीत त्यांच्या विधवांना आणि म्हाताऱ्या सोबत्यांना त्यातून काही देता येईल. सिने म्युझिशियन्सच्या संघटनेकडील जुनी हजेरीची कागदपत्रे जेथे शिल्लक असतील तेथे ती पुरावा म्हणून मान्य व्हावीत. १९५८ सालच्या 'सितारों से आगे'च्या ध्वनिमुद्रणांवरील कंपनीचा साठ वर्षांचा हक्क २०१८ अखेर संपला. म्हणजे त्या तबकड्या आता साऱ्या समाजाच्या झाल्या. वर्षागणिक आणखी होत जातील. दिरंगाई केली तर वाटा मागण्यासारखे काही उरणार नाही.

मानधनाच्या योजनेत पुराव्याची अट शिथिल करून ग्रामसभेचा ठराव किंवा गावातील पाच जाणत्यांची साक्ष पुरेशी मानावी, ही मागणी तर जिल्हा परिषदेच्या पातळीवरून लगेच लावून धरता येईल. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्यापूर्वीच्या रिकाम्या आठवड्यांत बँडवाले गावी सापडतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील तालुका कार्यकर्त्यांनी त्या काळात आपापल्या तालुक्यातील साठी ओलांडलेल्या वादकांची यादी करावी: नाव, गाव, वाद्य, कोणत्या मास्तराच्या हाताखाली शिकला, कोणत्या पथकात किती वर्षे वाजविले, ई-श्रम नोंदणी झाली आहे की नाही. ज्यांच्याजवळ वाद्य शिल्लक आहे त्यांचे वादन तेथल्या तेथे मुद्रित करून घ्यावे आणि त्या मुद्रणाच्या सुरुवातीला त्यांचे नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.